कर्जदाराची माफी मागणारे इमाम

रमजानचा तिसरा अशरा, म्हणजे शेवटचे दहा दिवस सुरू झाले की मोहल्ल्यातल्या बाजाराला झोप नसते. तरावीहची नमाज आटोपली की कापडाची, चपलांची, सुक्या मेव्याची दुकाने पुन्हा उजळतात. शीरखुर्म्याच्या शेवया, मुलांचे कपडे, मुलींच्या बांगड्या, घराचे नवे पडदे अशी यादी वाढत जाते. या गर्दीत एखादा माणूस असाही असतो, जो एका ठरावीक दुकानासमोरून जात नाही. त्या दुकानदाराच्या उधारीच्या वहीत त्याचे नाव असते. तो मागच्या गल्लीने वळसा घालून घरी जातो. ईदच्या नमाजलाही तो दुकानदार ज्या सफमध्ये (रांगेत) उभा आहे, तिच्यापासून लांबची सफ धरतो. नमाजनंतर सगळे एकमेकांना गळाभेट देत असताना तो घाईने बाहेर पडतो.

असाच रस्ता बदलणारा एक माणूस साडेबाराशे वर्षांहून अधिक काळापूर्वी इराकमधल्या कुफा शहरात होता. त्याच्या डोक्यावर दहा हजार दिरहमचे कर्ज होते. ज्यांचे देणे होते ते समोरून येताना दिसले आणि तो बाजूला सरकला. ते होते इमाम अबू हनीफा (रह.). आपल्याकडे इमामे आजम म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. महाराष्ट्रातले बहुसंख्य मुस्लिम फिकहमध्ये, म्हणजे इस्लामी कायद्याच्या बाबतीत त्यांच्याच मसलकचे, हनफी आहेत. वुजू कसे करावे, वित्रची नमाज किती रकातींची, जकात कशावर द्यावी हे आपण त्यांच्या मताने करतो. पण ते आयुष्यभर कापडाचे व्यापारी होते, त्यांच्या दुकानातही उधारीची वही होती आणि त्या वहीशी ते कसे वागत, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

त्यांचे मूळ नाव नोमान, वडिलांचे नाव साबित. जन्म हिजरी सन ८० म्हणजे इसवी सन ६९९ मधला, कुफ्यातला. घराणे मूळचे इराणी आणि धंदा कापडाचा. रेशीम आणि लोकर यांच्या मिश्रणातून विणलेल्या ‘खज’ नावाच्या उंची कापडाचा त्यांचा व्यापार होता. तरुण नोमान रोज बाजारात जात. एकदा शाबी नावाच्या ज्येष्ठ आलिमांनी त्यांना वाटेत थांबवले आणि कोणाकडे शिकायला जातोस, असे विचारले. बाजारात जातो, हे उत्तर ऐकून शाबींनी त्यांना आलिमांच्या सोबतीला बसण्याचा सल्ला दिला. ती गोष्ट मनाला लागली. पुढे ते हम्माद बिन अबी सुलेमान यांच्या मजलिसमध्ये जाऊन बसले आणि हिजरी १२० मध्ये उस्तादांचे निधन होईपर्यंत, सुमारे अठरा वर्षे, त्यांच्याजवळच राहिले. नंतर ती गादी त्यांच्याकडे आली. मुलाचे नावही त्यांनी हम्मादच ठेवले.

इल्मच्या वाटेला लागल्यावरही त्यांनी दुकान बंद केले नाही. भागीदार आणि नोकर रोजचे काम पाहत, देखरेख इमामांची असे. शिकवण्याचा मोबदला त्यांनी घेतला नाही, दरबाराचा वजीफाही घेतला नाही. घर दुकानावर चालले.

दुकान कसे चालत असे, याच्या हकिकती खतीब बगदादींच्या ‘तारीखे बगदाद’पासून शिबली नोमानींच्या ‘सीरतुन्नोमान’ या उर्दू चरित्रापर्यंत अनेक पुस्तकांत येतात. एक बाई रेशमी कापड विकायला घेऊन आली आणि शंभर दिरहम मागू लागली. कापड त्याहून जास्त किमतीचे आहे, असे इमामांनी सांगितले. तिने शंभर वाढवले. ते पुन्हा तेच म्हणाले. असे करता करता ती चारशेवर आली, तरी त्यांचे उत्तर बदलेना. आपली थट्टा चालली आहे, असे तिला वाटले. तेव्हा त्यांनी तिला एखादा जाणकार माणूस आणायला सांगितले, त्याच्याकडून किंमत ठरवून घेतली आणि पाचशे दिरहम मोजले. एका म्हातारीने आपल्या गरिबीचे सांगून कापड खरेदीच्या भावात मागितले, तेव्हा त्यांनी तिला ते अवघ्या चार दिरहमांत दिले. तिलाही थट्टा वाटली. मग त्यांनी हिशेब सांगितला. दोन ताग्यांची खरेदी एकदम झाली होती आणि त्यातला एक तागा विकून चार दिरहम सोडून सगळे भांडवल वसूल झाले होते. राहिलेला तागा खरोखरच चार दिरहमांना पडला होता.

हफ्स बिन अब्दुर्रहमान हे त्यांचे भागीदार. एकदा इमामांनी त्यांच्याकडे माल पाठवताना एका कापडात दोष आहे, तो गिऱ्हाइकाला दाखवूनच विका, असे बजावले. हफ्स विसरले आणि गिऱ्हाईक कोण होते हेही त्यांना आठवेना. त्या सगळ्या मालाचे पैसे इमामांनी सदका करून टाकले. जुनी चरित्रे ही रक्कम तीस हजार दिरहम सांगतात. एक दिरहम म्हणजे सुमारे तीन ग्रॅम चांदी, हे लक्षात घेतले की रक्कम किती मोठी होती हे समजते.

आता त्या रस्ता बदलणाऱ्या माणसाकडे येऊ. इमाम एका आजारी माणसाला भेटायला निघाले होते. सूफी बुजुर्ग शकीक बल्खी सोबत होते आणि ही हकिकत त्यांनीच सांगितलेली आहे. समोरून येणारा एक माणूस इमामांना पाहून लपला आणि दुसऱ्या वाटेला लागला. इमामांनी त्याला नावाने हाक मारली आणि आपली नेहमीची वाट का सोडलीस, असे विचारले. तो शरमून उभा राहिला. दहा हजार दिरहम देणे आहे, मुदत उलटून बराच काळ गेला, फेडायची ऐपत नाही आणि तोंड दाखवायची लाज वाटते, असे त्याने सांगितले. इमामांना धक्का बसला. आपल्याला पाहून एखाद्याने लपावे इथवर गोष्ट गेली, याचे त्यांना वाईट वाटले. सगळे कर्ज आपण सोडून दिले, असे त्यांनी तिथेच साक्ष ठेवून सांगितले. यापुढे लपू नकोस, असे म्हटले. मग आपल्यामुळे त्याच्या मनावर जे दडपण आले, त्याबद्दल आपल्याला माफ करावे, अशी विनंती त्यांनी त्यालाच केली.

दहा हजार दिरहम म्हणजे सुमारे तीस किलो चांदी. ती सोडणे लहान गोष्ट नव्हे. तरीही या हकिकतीत मला पैशापेक्षा ती शेवटची विनंती मोठी वाटते. आपण कर्ज माफ केले की माफ केल्याचा एक रुबाब आपल्या चेहऱ्यावर येतो. चार लोकांत आपण ते सांगतो आणि माणूस उधारीतून सुटून उपकारात अडकतो. इमामांच्या लेखी मात्र पैसे अडकले हे आपले नुकसान होते आणि आपल्या भीतीने एक माणूस आडवाटेला गेला, हा आपला कसूर होता. म्हणून माफी त्यांनी मागितली.

कर्जापायी माणसाची मान खाली जाते, ही गोष्ट ते कधी विसरले नाहीत. त्यांच्या ओळखीच्या एका माणसावर चार हजार दिरहमांचे कर्ज होते. त्याचा एक मित्र लोकांकडून थोडे थोडे पैसे गोळा करत इमामांकडे आला. एवढ्या रकमेसाठी इतक्या लोकांपुढे हात का पसरायचा, असे म्हणून इमामांनी सगळी रक्कम एकट्याने दिली. मदत देताना त्या माणसाचे नाव घरोघर फिरू नये, हाही त्यातला विचार असावा. आज आजारपणाच्या किंवा कर्जाच्या मदतीसाठी माणसाचा फोटो आणि पत्ता मोबाइलवरच्या गटांमधून गावभर फिरतो, तेव्हा ही गोष्ट आठवावी.

आणखी एक हकिकत मदरशांत फार सांगितली जाते. कडक उन्हात लोक एका भिंतीच्या सावलीला उभे होते. इमाम मात्र उन्हात थांबले. कारण विचारल्यावर समजले की त्या घराचा मालक त्यांचा देणेकरी होता. दिलेल्या कर्जातून जो जास्तीचा फायदा मिळतो तो व्याजाच्या वाटेने जातो, म्हणून त्याच्या भिंतीची सावलीही त्यांना नको होती. उसने दिलेल्या माणसाकडून फुकटात कामे करून घेणारे, त्याची गाडी हक्काने वापरणारे आपण रोज पाहतो. त्यांच्यासाठी ही सावलीची गोष्ट आहे.

इतके देणारा माणूस स्वतः कसा राहत होता? त्यांचा वेश चांगला असे, अत्तराचा शौक होता आणि ते गल्लीतून गेले की सुगंधावरून लोक ओळखत. मजलिसमध्ये एकदा जीर्ण कपड्यांतला एक माणूस दिसला. सगळे उठून गेल्यावर त्यांनी त्याला मुसल्याखाली ठेवलेले हजार दिरहम घेऊन आपली स्थिती सुधारायला सांगितले. तो म्हणाला, मी तर पैसेवाला आहे, मला याची गरज नाही. तेव्हा इमामांनी त्याला समजावले की अल्लाहने दिलेली नेमत बंद्याच्या अंगावर दिसावी, हे अल्लाहला आवडते. मग मित्रांनी तुझी काळजी करावी असा वेश कशाला?

मात्र घरातला खर्च बेताचा होता. स्वतःच्या जेवणावर महिन्याला दोनेक दिरहम लागतात, कधी सत्तू असतो तर कधी भाकरी, असे त्यांनी सांगितल्याचे चरित्रकार लिहितात. चार हजार दिरहमपर्यंतची रक्कम म्हणजे घरखर्च, असे हजरत अली (रजि.) यांचे मत होते. ती मर्यादा इमामांनी स्वतःला घालून घेतली. त्याहून जास्त झाले की ते वाटून टाकत. उरलेले चार हजारही केवळ एवढ्यासाठी ठेवत की उद्या कोणापुढे हात पसरायची वेळ येऊ नये. घरच्यांवर जितका खर्च होई, तितकाच ते सदका करत. स्वतःसाठी नवे कपडे शिवले की त्याच किमतीचे कपडे आलिमांना देत. वर्षभराचा नफा साठवून त्यातून कुफ्यातल्या मुहद्दिस आणि उस्तादांचे धान्य, कपडे, गरजेच्या वस्तू घेत आणि उरलेली रोकड त्यांनाच देऊन टाकत.

त्यांचे शागिर्द अबू युसूफ गरीब घरातले होते. घरच्यांनी शिक्षण सोडवून त्यांना कामाला लावायचे ठरवले. ते मजलिसला येईनासे झाले, तेव्हा इमामांनी चौकशी केली आणि त्यांच्या हातात शंभर दिरहमांची थैली ठेवली. ती संपली की न मागता दुसरी येई. हेच अबू युसूफ पुढे खलीफा हारून रशीद यांच्या काळात काझी-उल-कुजात, म्हणजे मुख्य न्यायाधीश झाले. महसुलाच्या कायद्यावरचे ‘किताबुल खराज’ हे प्रसिद्ध पुस्तक त्यांचेच.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, असे आपण मराठीत म्हणतो. बहुतेकदा गरिबालाच आपण ते ऐकवतो. इमामांचे अंथरूण मोठे होते, तरी त्यांनी पाय आखडते घेतले आणि राहिलेल्या जागेवर दुसऱ्यांना बसवले. त्याचा एक फायदा त्यांना स्वतःलाही झाला. उमय्या राजवटीच्या अखेरच्या काळात इराकचे सुभेदार इब्ने हुबैरा यांनी त्यांना सरकारी पद देऊ केले. त्यांनी नकार दिला म्हणून फटके मारण्यात आले. पुढे अब्बासी खलीफा मन्सूर यांनी त्यांना बगदादला बोलावून काझीपद घ्यायला सांगितले. त्याही वेळी त्यांनी नकार दिला आणि कैद पत्करली. मन्सूर यांनी दिलेली बक्षिसे आणि थैल्याही त्यांनी स्वतःसाठी वापरल्या नाहीत. ज्याचे घर सत्तूवर चालू शकते आणि ज्याच्या डोक्यावर कोणाचे कर्ज नाही, त्याला खलीफाला नाही म्हणता येते. कर्ज काढून थाटात राहणाऱ्याला साध्या मालकालाही नाही म्हणता येत नाही.

उधळ्या माणसाबद्दल त्यांनी कायद्यात काय मत दिले, हेही पाहण्यासारखे आहे. प्रश्न असा होता की एखादा शहाणासुरता, प्रौढ माणूस पैसे उधळत असेल किंवा कर्जात बुडाला असेल, तर काझीने त्याचे व्यवहाराचे हक्क काढून घ्यावेत का? अबू युसूफ आणि इमाम मुहम्मद या दोन्ही शागिर्दांचे म्हणणे होते की घ्यावेत आणि गरज पडल्यास काझीने त्याचा माल विकून कर्ज फेडावे. इमाम अबू हनीफांचे मत वेगळे होते. प्रौढ आणि स्वतंत्र माणसाच्या मालकीवर असे बंधन घालणे म्हणजे त्याची माणूस म्हणून असलेली किंमत कमी करणे आहे आणि ते नुकसान पैशाच्या नुकसानीपेक्षा मोठे आहे, असे ते मानत. ऐपत असून कर्ज बुडवणाऱ्याला काझीने कैदेत ठेवावे आणि त्याने स्वतःच माल विकून देणे फेडावे, असे त्यांचे म्हणणे. पुढे हनफी मसलकमध्ये फतवा शागिर्दांच्या मतावर दिला गेला. पण इमामांचा कल कुठे होता, ते यातून दिसते. आपल्या मिळकतीत राहण्याची शिस्त बाहेरून लादता येत नाही, ती माणसाने स्वतःच लावून घ्यायची असते. रोजाही आपण तसाच ठेवतो. बंद खोलीत पाणी समोर असते आणि अडवणारे कोणी नसते.

कुरआनच्या ज्या सूरह बकरामध्ये रोजे फर्ज केल्याचा हुकूम येतो (आयत १८३), त्याच सूरहमध्ये पुढे कर्जदार अडचणीत असेल तर त्याला ऐपत येईपर्यंत सवड देण्याचा हुकूम आहे आणि कर्ज सोडून देणे अधिक चांगले, असेही सांगितले आहे (आयत २८०). लगेच दोन आयतींनंतर उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम येतो. कुरआनमधली ती सर्वांत लांब आयत आहे. म्हणजे लिहावेही आणि सोडावेही. सूरह तौबाच्या साठाव्या आयतीत जकातीचे जे आठ हक्कदार सांगितले आहेत, त्यांत कर्जात अडकलेला माणूसही आहे.

इथे हनफी वाचकांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. माझे त्याच्याकडे वीस हजार रुपये आहेत, ते सोडले आणि माझ्या जकातीत धरले, असा हिशेब अनेक जण रमजानमध्ये करतात. हनफी फिकहनुसार नुसते कर्ज माफ केल्याने आपल्या इतर मालाची जकात अदा होत नाही, कारण जकातीत हक्कदाराच्या हाती माल देऊन त्याला मालक करावे लागते. तो जकातीस पात्र असेल तर त्याला जकातीची रक्कम द्यावी. ती त्याची झाल्यावर त्याने त्यातून कर्ज फेडले तर फेडले. आपल्या बाबतीत नेमके काय करावे, हे जवळच्या आलिमांना विचारून घ्यावे. बुडीत खात्यावर जकातीचा शिक्का मारून मोकळे होऊ नये, इतकेच.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. कर्ज माफ करण्याची ही शिकवण देणाऱ्यासाठी आहे. घेणाऱ्याने तिच्या भरवशावर कर्ज काढायचे नसते. ऐपत असून देणे लांबवणे हा जुलूम आहे, असे प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी सांगितले आहे. सुरुवातीच्या काळात, फेडीची सोय न ठेवता गेलेल्या कर्जदाराच्या जनाज्याची नमाज ते स्वतः पढवत नसत, सोबत्यांना पढायला सांगत. पुढे सोय झाली तेव्हा अशांचे कर्ज त्यांनी स्वतःच्या जिम्मेवर घेतले. कर्जाचे ओझे इतके जड असताना ते ईदच्या पडद्यांसाठी आणि हप्त्यावरच्या नव्या मोबाइलसाठी उचलणे कितपत योग्य आहे, हे ज्याचे त्याने पाहावे. ईदला आपल्याजवळचे चांगले, स्वच्छ कपडे घालावेत. ते नवेच हवेत अशी अट नाही.

इमाम अबू हनीफा हिजरी १५० मध्ये, इसवी सन ७६७ ला बगदादमध्ये वारले. बहुतेक चरित्रकारांच्या मते ते तेव्हा कैदेतच होते. जनाज्याला इतकी गर्दी झाली की नमाज पुन्हा पुन्हा पढावी लागली. खैजुरान कब्रस्तानात त्यांना दफन केले. त्यांच्या नावावरूनच बगदादच्या त्या भागाला आजमिया म्हणतात. त्याच वर्षी गाझामध्ये इमाम शाफई यांचा जन्म झाला. आपल्या कोकणातले मुस्लिम त्यांच्या मसलकचे.

ईदला अजून काही दिवस आहेत. जकातीचा हिशेब करायला आपण वही काढतोच. त्याच वेळी आपले पैसे कोणाकडे आहेत, त्यांतले कोण खरोखरच देऊ शकत नाही, आणि आपण कोणाचे किती देणे लागतो, हेही त्याच पानावर लिहून काढावे. देणे असेल तर ईदच्या खरेदीआधी थोडे तरी फेडावे. येणे असेल आणि समोरचा अडचणीत असेल तर ईदच्या आधीच त्याच्या घरी जाऊन यावे. पैसे सोडता आले तर सोडावेत, नाही तर मुदत वाढवून द्यावी. आणि ईदगाहात तो लांबच्या सफमध्ये दिसला, तर आपणच चार पावले चालून जावे.